आखाडातला अंतरपाट

लग्नाला दीड महिना होत आला आणि अंबूबाईंनी सुनेला माहेरी पाठवायचं काढलं.

"आखाड लागतोय शुक्रवारपासनं," पोळीवर तूप ओढत त्या म्हणाल्या. "नवीन सून आखाडात सासरी ठेवत नाहीत. एका उंबऱ्याच्या आत सासू-सून नको. एकमेकींचं तोंड पण बघायचं नाही."

"आई," त्रिविक्रम म्हणाला, "मी त्रेपन्न वर्षांचा आहे."

"मग? आखाड वय विचारून येतोय काय?"

"आणि सुलभा अठ्ठेचाळीस."

"नवीन ते नवीनच की. मडकं कधी भाजलं ते कोण विचारतंय? घरात कधी आणलं ते बघायचं."

बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत त्रिविक्रमचा स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना होता. दिवसभर तो तिथं पोलाद वाकवायचा आणि संध्याकाळी जे. पी. नगरला घरी येऊन स्वतः वाकायचा. घराणं मूळ चिक्कोडीकडचं. बेंगळुरात तिसरी पिढी, मराठीत निम्मं कन्नड शिरलेलं. पण रीत म्हणाल तर अंबूबाईंनी ती लोणच्यासारखी जपलेली. वरती तेलाचा थर, ओला हात लावायचा नाही.

त्याची सगळी आशा सुलभावर होती. सुलभा पुण्याची, कित्येक वर्षं आयटीत, अमेरिकेतल्या लोकांना फोनवरून 'नो' म्हणायचा पगार घेणारी. ती म्हणेल, 'आई, हे काय भलतंच!' मग दोघींचं वाजेल आणि त्या वाजण्यात आखाड वाहून जाईल, असा त्याचा अंदाज.

सुलभानं शांतपणे विचारलं, "एकच महिना ना?"

"श्रावण लागला की मी स्वतः भाकरतुकडा घेऊन दारात उभी राहते बघ."

"ओके. जाते मी."

आणि सूटकेस भरताना ती गुणगुणत होती. ते गुणगुणणं त्रिविक्रमच्या कानात जे अडकलं ते अडकलंच.

आता माहेर म्हणजे कुठं, हा प्रश्न होता. सुलभाचे आईवडील गेलेले, भाऊ टोरांटोला. अंबूबाईंनी तो चुटकीसरशी सोडवला. सुलभाचा इलेक्ट्रॉनिक सिटीतला भाड्याचा फ्लॅट अजून सोडलेला नव्हता. त्याचा करार नेमका आखाडाअखेर संपत होता. "तेच माहेर," त्यांनी जाहीर केलं आणि लेकाकडे वळल्या. "म्हणजे ती तुझी सासुरवाडी. आखाडात जावयानं सासुरवाडीचा उंबरा चढायचा नाही. कळलं ना? सरी?"

"सरी," त्रिविक्रम म्हणाला.

स्प्रिंग ताणली की परत येते, हे सगळ्या जगाला माहीत असतं. पण एका हद्दीपलीकडे ताणली की ती परत येत नाही, तशीच लांबलचक पडून राहते, ही भीती फक्त स्प्रिंगवाल्याला असते. जे. पी. नगर ते इलेक्ट्रॉनिक सिटी हे अंतर हद्दीच्या अलीकडचं की पलीकडचं, ते त्याला कळत नव्हतं. सुलभा इतकी वर्षं एकटी राहिली होती. तिला तिचं घर होतं, तिची खुर्ची होती, तिची शांतता होती. दीड महिन्याच्या संसारात तिला काय मिळालं? एक सासू, एक नवरा आणि दोघांचं घोरणं. महिनाभर त्या शांततेत परत राहिली आणि करार वाढवून मोकळी झाली तर? विचारायची सोय नव्हती. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली, म्हणजे काय करायचं?

घरात तिचा निळा कप राहिला होता. सवयीनं तो दोन कप चहा टाकायचा. दुसरा अंबूबाई पिऊन टाकायच्या आणि साखर जास्त झाली म्हणायच्या.

एकच बरं होतं. रविवार.

सुलभाला पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं वेड. बेंगळुरात हौशी लोकांचा एक ऑर्केस्ट्रा होता. चर्चमधले व्हायोलिनवाले, आयटीतली पोरं, पोलीस बँडमधून निवृत्त झालेले दोघं तुतारीवाले, अशी सगळी मोट. दरवर्षी त्यांचा सीझन असायचा आणि दरवर्षी सुलभा सीझनचा पास काढायची. अंबूबाईंच्या रीतीत उंबऱ्याबद्दल सगळं होतं, पण वाद्यवृंदाबद्दल काहीच नव्हतं.

"येतोयस ना रविवारी?" सुलभानं फोनवर विचारलं. "तुझा पास आहे माझ्याकडे."

त्रिविक्रमला रेडिओ लावला तरी झोप लागायची. तो म्हणाला, "म्हणजे काय! मला फार आवडतं ते."

"काय आवडतं?"

"सगळंच. ते... व्हायोलिन वगैरे."

पलीकडे ती हसली. ते हसू त्यानं शनिवारपर्यंत पुरवलं.

त्या वर्षी ऑर्केस्ट्राचं नेहमीचं सभागृह दुरुस्तीला बंद होतं. दयानंद म्हणून त्यांचा कंडक्टर. आठवडाभर एका कंपनीत मॅनेजर, रविवारी संगीताचा मॅनेजर. तो हॉल शोधत वणवण फिरला आणि जे. पी. नगरमधल्या मंजुनाथच्या कल्याण मंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात, येऊन टेकला. मंजुनाथचा मंटप आखाडात ओस पडायचा, कारण आखाडात लग्न कोण करतंय? चार रविवार, चार कार्यक्रम. दोघांनी हात मिळवले. दयानंद म्हणाला, "जस्ट हॉल द्या. बाकी काही नको."

पण मंजुनाथला नुसता हॉल देताच येत नव्हता. आयुष्यभर त्यानं लग्नंच लावली होती. मूळचा निपाणीचा माणूस. त्याच्या मते, दारात माणसं आली की एक तर ती वधूपक्षाची असतात, नाही तर वरपक्षाची. तिसरी जात देवानं केलेली नाही.

पहिल्या रविवारी त्रिविक्रम इस्त्रीचा शर्ट घालून पोचला, तर दारात त्याच्या अंगावर गुलाबपाणी उडालं. कपाळाला गंध लागलं. हातात खडीसाखर आणि अक्षतांची पुडी आली.

"अण्णा, वधूपक्ष की वरपक्ष?" मंजुनाथनं विचारलं.

"श्रोता."

"मग वरपक्षात बसा. तिकडं फॅन चांगला आहे."

स्टेजवर नवरा-नवरीचा लाल मखमलीचा सोफा होता. तो बोल्टनं जमिनीत ठोकलेला. हलवता येईना, म्हणून दोन बासरीवाल्या बायका त्यावर अवघडून बसल्या होत्या. मागं थर्माकोलचे दोन मोर. एका कोपऱ्यात मंजुनाथची वर्षाच्या करारावरची सनई आणि डोलूची, म्हणजे ढोलाची, मंडळी मांडी घालून बसलेली. आखाडातही ती रोज यायची, कारण करारात जेवण होतं.

सुलभा आधीच येऊन बसली होती. शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स. तिनं त्याला बघितलं, पर्स उचलून मांडीवर घेतली आणि खुर्ची हातानं पुसली.

लग्न झालेली माणसं पहिल्यांदा भेटल्यासारखी लाजत होती.

"जेवतोस का नीट?" तिनं विचारलं.

"हो. तू?"

"मॅगी." मग म्हणाली, "तुझ्या कपाळावर गंध वाकडं लागलंय," आणि रुमालानं पुसलं. तेवढ्यात बत्त्या मंद झाल्या आणि तो रुमाल कपाळावर अजून थोडा वेळ राहायला हवा होता, असं त्रिविक्रमला फार वाटलं.

कुठल्याशा जर्मन बुवाची सिंफनी होती, चार भागांची. पहिला भाग धडाक्यात संपला. भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून जाणकार गप्प बसले. बाकीच्यांनी जाणकारांकडे बघून श्वास रोखला. हॉलमध्ये चिडीचूप शांतता.

स्वयंपाकघरात ती शांतता ऐकू गेली. वाजप थांबलं म्हणजे मुहूर्त लागला. मुहूर्त लागला म्हणजे पंगत. बाजूचं दार धाडकन उघडलं आणि मंजुनाथचा वाढपी ओरडला, "ऊटा रेडी! पहिली पंगत!"

आता बेंगळुरात माणूस कितीही सुसंस्कृत असो, मंटपात पहिली पंगत म्हटलं की त्याचे पाय त्याचे राहत नाहीत. निम्मा हॉल उठला. दयानंदनं दुसऱ्या भागासाठी छडी उचलून मागं बघितलं, तर समोर खुर्च्या. तिसऱ्या भागाला पहिली पंगत पान खात परत आली आणि दुसरी उठली. दोन चेलोवाले पण हळूच तिच्यातनं जेवून आले.

पहिली पंगत आत असताना पूर्ण रांगेत उरले ते दोघंच. दुसरा भाग हळू होता, अगदी हळू, कुणी तरी लांबून हाक मारतंय आणि हाक पोचत नाहीये असा. आतून चिरोटीचा वास येत होता. त्रिविक्रमचं कोपर सुलभाच्या कोपराला लागलं होतं. दोघांपैकी कुणीच ते काढलं नाही.

"मी दर वर्षी दोन पास काढते," ती अचानक म्हणाली. "एकटी होते तेव्हापासून."

"दोन कशाला?"

"एकच काढला की शेजारी कोण येऊन बसेल सांगता येत नाही. असं मी लोकांना सांगायची." ती स्टेजकडेच बघत होती. "दुसऱ्या खुर्चीवर पर्स ठेवायची."

त्रिविक्रमला वाटलं, आता विचारावं. करार वाढवणार आहेस का?

"तिकडं... कसं चाललंय तुझं?"

"मस्त," सुलभा म्हणाली. "पडदे शिवायला टाकलेत परवा. छान कापड मिळालं. पिवळं."

घर सोडणारा माणूस पडदे शिवत नाही. दूधवाला बंद करतो, झाडं वाटून टाकतो. पडदे शिवणारा माणूस राहणारा असतो.

"पिवळं चांगलं," तो म्हणाला.

निघताना प्रत्येकाला तांबूलाची पिशवी मिळाली. नारळ, पान, सुपारी. सुलभानं स्वतःचा नारळ त्याच्याच पिशवीत टाकला, कॅबमध्ये बसली आणि काच खाली करून हात हलवला. कॅब सिग्नलला अडकली. तिथं ती बराच वेळ अडकून राहिली आणि तेवढा वेळ दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बेंगळुरूच्या ट्रॅफिकला मनापासून आशीर्वाद देणारा तो त्या दिवशीचा एकमेव माणूस असावा.

घरी अंबूबाईंनी पिशवी उघडली. "दोन नारळ? आखाडात कुणी लग्न केलं?"

"लग्न नव्हे, आई. वाजप होतं."

"वाजपाला नारळ?" त्या पिशवीकडे बघत राहिल्या आणि मग लेकाच्या तोंडाकडे. "आणि तुझं तोंड का असं? कुणी गेल्यासारखं?"

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी पीण्याहून घरी यायचं सोडून त्रिविक्रमची गाडी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या रस्त्याला लागली. त्यानं लावली नाही, ती लागली. शहराचं एक टोक ते दुसरं टोक. मग तो उंच पूल, वारा असा की गाडी हलत होती. सुलभाच्या बिल्डिंगसमोर त्यानं गाडी थांबवली आणि मान वर केली. तिची खिडकी उजळलेली होती. पडदे अजून लागले नव्हते. ती फोनवर बोलत इकडून तिकडं फिरत होती, हसत होती, हातवारे करून कशाची तरी लांबी-रुंदी दाखवत होती. त्याच्याशी बोलताना ती इतकी कधी हसली नव्हती.

रीत अशी होती की उंबरा चढायचा नाही. फुटपाथबद्दल रीतीत काही नव्हतं. तो उतरला, फुटपाथवर उभा राहिला. टपरीवर चहा घेतला. सवयीनं दोन सांगितले. वॉचमननं विचारलं, "सार, कुणाकडं जायचंय?"

"कुणाकडं नाही," तो म्हणाला आणि दुसरा चहा वॉचमनला दिला.

दुसऱ्या रविवारी मंजुनाथनं दयानंदला वचन दिलं होतं की मध्ये जेवण नाही. ते त्यानं पाळलं. फक्त एका संथ भागात त्याला वाटलं की पाहुणे कंटाळलेत, म्हणून त्यानं स्टेजवर रंगीत दिवे फिरवले आणि धुराचं मशीन लावलं. नवरी एंट्री घेते तेव्हाचं. धुरात व्हायोलिनवाल्यांना नोटेशन दिसेना. जो तो आठवेल तसं वाजवू लागला आणि धूर विरला तेव्हा तिघं पुढच्या पानावर, चौघं मागच्या पानावर आणि निवृत्त पोलीस तुतारीवाले राष्ट्रगीताच्या आसपास होते. सुलभा हसून हसून त्याच्या खांद्यावर कोसळली. त्रिविक्रम हलला नाही. खांदा अवघडला तरी हलला नाही. विचारायचं मात्र त्या रविवारीही राहूनच गेलं.

आणि घरी आल्यावर अंबूबाई म्हणाल्या, "पुढल्या खेपेला मी पण येणार."

"कशाला?"

"तिथनं आलास की दोन दिवस धड जेवत नाहीस. काय वाजवतात की तुझ्यापुढं! मला बघू दे."

"आई, तिथं सुलभा असते."

"असू दे की. तू बघ काय करायचं ते. मी तोंड बघणार नाही आणि तिनं ओलांडलेला उंबरा ओलांडणार नाही. पण येणार."

त्यानं सुलभाला फोन केला. ती म्हणाली, "मग मी नाही येत या वेळी. आईंना शब्द दिलाय मी."

चारातला एक रविवार बुडणार. त्रिविक्रमनं भर दुपारी कारखान्याला टाळं लावलं आणि मंजुनाथला गाठलं.

मंजुनाथनं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर अखेर आपल्या शास्त्रातला प्रश्न आला, असं समाधान पसरलं.

"अण्णा, एवढंच ना? आपल्या मंटपाला दोन दारं. वरपक्षाचं वेगळं, वधूपक्षाचं वेगळं. अंबक्का इकडनं, वहिनी तिकडनं. उंबरे दोन, दोष नाही."

"आणि तोंड?"

"अंतरपाट!"

"कसला अंतरपाट?"

"सासू-सुनेच्या मध्ये धरायचा. माझी माणसं आहेत की! परसू आणि गुंडो. हजार लग्नांत अंतरपाट धरलाय त्यांनी. हात हलायचा नाही."

तिसऱ्या रविवारी अंबूबाई इरकली नेसून वरपक्षाच्या दारानं आल्या. वधूपक्षाच्या दारात सुलभा थांबली होती. आणि मंजुनाथ कपाळ बडवत होता, कारण आखाडात लग्नं नाहीत म्हणून मंटपातलं झाडून सगळं कापड धुवायला गेलं होतं. अंतरपाटच नव्हता.

"वहिनी, शाल? ओढणी? काही तरी द्या!"

सुलभा घुटमळली. तिच्या खांद्याला एक मोठी पिशवी होती. येताना शिंप्याकडून घेतलेली. "हे चालेल का?" तिनं विचारलं आणि घडी उलगडली.

पिवळा पडदा. हळदीसारखा पिवळा, कडेला बारीक हिरवी पानं. वरती पितळी कड्यासुद्धा.

"फस्ट क्लास!" मंजुनाथ म्हणाला.

परसू आणि गुंडोनं दोन टोकं धरली आणि मधल्या वाटेवर पडदा उभा राहिला. पलीकडे सुलभा, अलीकडे अंबूबाई. "तुम्ही मध्ये, अण्णा. तुम्ही दोघींचे," असं म्हणून मंजुनाथनं त्रिविक्रमला टोकाशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. एका डोळ्याला आई दिसायची, एका डोळ्याला बायको आणि नाकासमोर तो पडदा. शिवून तयार. आता फक्त टांगायचा राहिला, तिकडं, त्या उंच पुलापलीकडच्या खिडकीत. त्याला वाटलं, देवाला चेष्टाच करायची तर इतक्या चांगल्या कापडाची का करतो?

वाजप सुरू झालं. अंबूबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि मोठ्यानं विचारलं, "तो कोण रे, लोकांकडं पाठ करून काठी दाखवतोय?"

पडद्यापलीकडून आवाज आला, "कंडक्टर, आई. तो सगळ्यांना सांभाळून घेतो."

"काठी दाखवून?"

"हो."

"बरं आहे की. मला सुचलं नाही कधी."

त्रिविक्रमनं दोन्ही डोळे विस्फारले. "आई, तू बोलतीयस तिच्याशी?"

"तोंड बघायचं नाही म्हटलंय. बोलायला कोण नको म्हणतंय? गप बस, ऐकू दे."

मग तो संथ भाग आला. आधीच्या दोन्ही रविवारांपेक्षा संथ. एक बाई सोफ्यावर बसून ओबो वाजवत होती. ते सूर अर्ध्या वाटेपर्यंत यायचे आणि परत फिरायचे. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. पडद्याच्या पलीकडे सुलभानं डोळे मिटले होते. शेजारच्या खुर्चीवर पर्स होती. अलीकडे अंबूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

"माझ्या पहिल्या आखाडात," त्या पुटपुटल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "तुझे बाबा चिक्कोडीला आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सायकलवर यायचे. उंबरा चढायचा नाही म्हणून तिथनंच घंटी वाजवायचे आणि परत जायचे. मी आत निवडत बसलेली. आई म्हणायची, तांदूळ सगळे खड्यांतच टाकतीस की ग."

त्रिविक्रमनं वडिलांना आयुष्यभर पेपरच्या मागं बघितलं होतं. घंटी वाजवताना नाही.

"नंतर कधी वाट बघायला लावली नाही त्यांनी," अंबूबाई म्हणाल्या. "नंतर रोजच घरी. पण ती घंटी पुरली बघ मला."

इकडं परसू आणि गुंडोचे हात भरून आले होते. लग्नात अंतरपाट मंगलाष्टकांपुरता धरायचा असतो. हे मंगलाष्टक संपतच नव्हतं. दोघांचे कान एकाच गोष्टीकडे लागले होते. वाजप टिपेला गेलं की सोडायचा. हजार लग्नांची सवय ती.

चौथा भाग सुरू झाला. वेग वाढला, तुताऱ्या उठल्या, व्हायोलिनं धावायला लागली. मागं झांजवाला गडी कार्यक्रमभर झांजा मांडीवर घेऊन बसला होता. तो उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात फाकवले.

झण्ण!

परसू आणि गुंडोनं अंतरपाट सोडला.

पुढचं कुणी ठरवून केलं नाही. अंतरपाट पडला की बेंगळुरातल्या माणसाचा हात आपोआप वर जातो आणि प्रत्येक हातात दारावर मिळालेली पुडी होती. सगळ्या हॉलनं अक्षता उधळल्या. कोपऱ्यातली सनई-डोलूची मंडळी आखाडभर याच क्षणाची वाट बघत बसली होती. त्यांनी उसळून गट्टीमेळ धरला, मंगळसूत्र बांधताना वाजवतात तो कल्लोळ. ट्यूबाच्या कर्ण्यात तांदूळ गेले आणि त्यातनं पिंजऱ्यातल्या डुकरासारखा आवाज आला. दयानंदच्या केसांत अक्षता, कॉलरमध्ये अक्षता. पण गडी थांबला नाही. डोलूकडे एक काठी, व्हायोलिनकडे एक काठी, असं करत त्यानं जर्मन बुवाला आणि गट्टीमेळाला एकाच टाळीवर आणून सोडलं. लोक उभे राहून ओरडत होते. जाणकार पण.

आणि त्या गदारोळात सासू-सून एकमेकींसमोर उभ्या होत्या, डोक्यावर अक्षता घेऊन, तोंडाला तोंड.

अंबूबाईंनी सुलभाकडे बघितलंच नाही. त्या वाकल्या, खाली पडलेला पडदा उचलला आणि हात पसरून लांबी मापली.

"अग, बरोबर आलाय की!" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं, खालनं चार बोटं जास्त ठेव? आमची बाहेरच्या खोलीची खिडकी लांबीला फसवी आहे."

"तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं शिंप्याला," सुलभा म्हणाली. "पिवळाही तुम्ही म्हणालात म्हणून. मला निळा हवा होता."

"निळा कप आहे की तुझा. पुरे तेवढं निळं."

त्रिविक्रमला ऐकू येत होतं, पण आत शिरायला वेळ लागत होता. "आपली खिडकी?" तो म्हणाला. "हे... आपल्या घरचे पडदे?"

"मग काय पीण्याला लावायचे?" अंबूबाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी फोन करून मापं विचारती ही. फोनला कुठलं तोंड असतंय? फोनला कुठला उंबरा असतोय?"

"आणि फ्लॅट? करार?"

सुलभा त्याच्याकडे बघायला लागली. "लग्नाच्या आधीच कळवलंय मालकाला, आखाडाअखेर सोडते म्हणून. तू विचारलंस का कधी?"

त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं फक्त टपरीवर दोन चहा घेतले होते.

अंबूबाईंनी केसांतल्या अक्षता झटकल्या. "झालं. तोंड बघून झालं, दोष लागायचा तो लागला. आता कसला आखाड? चल ग, गाडीत बस. घरी जाऊया."

त्रिविक्रमच्या छातीत गट्टीमेळ सुरू झाला. त्यानं सुलभाची पिशवी उचलली पण.

"नको, आई," सुलभा म्हणाली.

"का?"

"अजून एक रविवार राहिलाय." ती त्रिविक्रमकडे बघून हळू आवाजात बोलायला लागली, पण अंबूबाईंना सगळं ऐकू येईल इतपतच हळू. "रागवू नकोस. इतकी वर्षं मी घरी वेळेवर पोचले काय, उशिरा पोचले काय, कुणाचं काही अडलं नाही. कुणी वाट बघितली नाही माझी. आता कुठं कुणीतरी रविवारची बघतंय. माझ्या बिल्डिंगखाली येऊन चहा पितंय."

"तुला कसं कळलं?"

"वॉचमन म्हणाला, एक सार आले होते, कुणाकडं जायचंय म्हटलं तर कुणाकडं नाही म्हणाले, आणि वरती बघत दोन चहा घेतले." ती हसली आणि तिचे डोळे भरले. "थोडंसं राहू दे ना असं. स्वल्प."

अंबूबाईंनी मान वळवली आणि मोरांकडे बघत उभ्या राहिल्या.

पडदे दोन होते. एक पिशवीत घडीचाच राहिला होता. सुलभानं खाली पडलेला झटकला, त्यातले तांदूळ पाडले आणि त्याच्या हातात दिला. "हा तू लाव. दुसरा मी घेऊन येते. श्रावणात."

ती वधूपक्षाच्या दारानं गेली. या वेळी कॅब सिग्नलला अडकली नाही. हिरवा दिवा होता. बेंगळुरूला काही कळत नाही.

घरी आल्यावर त्रिविक्रमनं स्टूल घेतलं आणि पडदा लावला. खिडकी खरंच फसवी होती. पण चार बोटं जास्तीची बरोबर बसली. अर्धी खिडकी पिवळी झाली. अर्धी उघडीच राहिली. तिच्यातनं रस्ता दिसत होता, कोपऱ्यावरचा फुलवाला दिसत होता, आखाडाचा वारा आत येऊन पडद्याला ढकलत होता आणि पडदा परत आपल्या जागी येत होता.

त्यानं चहा टाकला. दोन कप. निळा कप घेऊन अंबूबाई आल्या, एक घोट घेतला, पण साखरेबद्दल काही बोलल्या नाहीत. तो पडद्याच्या बाजूला खुर्ची ओढून बसला होता. त्यांनी ती खुर्ची पायानं पलीकडे सरकवली.

"उघड्या बाजूला बस," त्या म्हणाल्या. "वाट तिकडनं दिसतीय."